आईला न कळू देता

४ जून

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद नेहमीचेच, ते घे आणि पुढे वाच. माझ्या तीन पत्रांना मिळून तुझं एक उत्तर येतं, आणि त्यातही निम्मी जागा तुझ्या ट्रकच्या गिअरबॉक्सने खाल्लेली असते. या वेळी मात्र तुला नीट लिहावं लागेल, कारण मला कामात मिळालेला नवा गठ्ठा थेट तुझ्या बिऱ्हाडं हलवण्याच्या धंद्यातला आहे.

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत दर वर्षी प्रत्येकाला शब्दांचा एक गठ्ठा वाटून देतात. शब्द इंग्रजीतले, आणि आम्ही शोधायचे ते त्यांचे जुने, आता कोणी न वापरणारे अर्थ. गेल्या वर्षी माझ्या वाट्याला भांडीकुंडी होती. यंदा आलंय हलवणं, उचलणं, सरकवणं, नेणं. म्हटलं, हे तर आपलं घरच. जन्मल्यापासून बाबांच्या तोंडून दुसरं काय ऐकलं आपण?

गंमत सांगते. 'रिमूव्ह' म्हटलं की आपल्याला डाग काढणं नाहीतर नोकरीवरून काढणं सुचतं. पूर्वी लोक बिऱ्हाड हलवत, त्यालाही सरळ रिमूव्ह म्हणत. तीनशे वर्षांपूर्वी जन्मला असतास तर तुझ्या दुकानावर तीच पाटी लागली असती. 'अव्हॉइड' म्हणजे टाळणं ना? त्याचा जुना अर्थ रिकामं करणं, जागा सोडणं. आणि 'ट्रान्सलेट', ज्या भाषांतरावर माझ्या निम्म्या मैत्रिणी पोट भरतात, तो शब्द माणसं हलवण्यासाठीही वापरायचे. एका गावच्या मोठ्या धर्मगुरूला दुसऱ्या गावी नेमलं, की तो ट्रान्सलेट झाला. संताच्या अस्थी एका थडग्यातून काढून दुसरीकडे ठेवल्या, तरी तेच. आणि सगळ्यात वरची पायरी म्हणजे मरण न दाखवता माणसाला उचलून थेट स्वर्गात नेणं. हे वाचताना मला बाबा आठवले. ते म्हणायचे ना, गिऱ्हाइकाला आपण हललो असं वाटताच कामा नये.

आता आईचं सांग. जानेवारीत डोळ्यांचं ऑपरेशन फसल्यापासून तिचं एकच पत्र आलंय, तेही अर्थात तुझ्या अक्षरात. तिला उजेड-अंधार तरी कळतो का? आणि इमारत धोकादायक आहे, रिकामी करा, अशी नोटीस आली होती त्याचं काय झालं? मला इथून हलवलंत तर अन्न सोडीन, असं ती माझ्यासमोर म्हणाली होती. तू काहीतरी मार्ग काढला असशील याची खात्री आहे, पण कोणता ते कळव.

तुझी ताई


१९ जून

ताई,

तुझं पत्र दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. आमचा ड्रायव्हर म्हणाला, ताईंना सांगा, पगार वाढला तर आम्हीही संतांच्या अस्थी हलवू. गिअरबॉक्स ठीक आहे, एवढंच लिहितो, तू चिडतेस म्हणून.

आई बरी आहे. उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. पण घरात अशी फिरते की बघत राहावं. पलंगावरून उठली की उजवा हात कपाटावर, मग घड्याळाच्या टिकटिकीखालून वळायचं, मोरीचा उंबरा, नळाला डावीकडे एक हिसका. चहाचं आधण स्वतः ठेवते. गेला महिनाभर जेवण जरा कमी झालंय आणि दुपारची दाराजवळ खुर्ची टाकून बसते, पण उन्हाळ्याने कोणाचंही तसंच होतं.

आता मूळ गोष्ट. तुला सांगणार नव्हतो, पण तू तो ट्रान्सलेट लिहिलास आणि मला राहवेना. ताई, मी नेमकं तेच केलंय.

आई हॉस्पिटलात होती ना, तेव्हाच इमारत रिकामी करायची शेवटची तारीख आली. शेजारीपाजारी एकेक करून पांगले. आईला विचारलं असतं तर तिने खरंच अन्न सोडलं असतं, तू तिला ओळखतेस. मग मी बाबांची पद्धत काढली. आठवतं? घर हलवायच्या आधी त्या घरात डोळे मिटून चालायचं. कुठे हात जातो, कुठे पाय अडखळतो ते बघायचं आणि मग तेवढ्या अंतरावर दोरीला गाठी मारायच्या. पलंग ते कपाट एक गाठ, कपाट ते दार दुसरी. मी आपल्या घरात डोळे मिटून दोन दिवस फिरलो. कपाळाला टेंगूळ आलं. मग दुकानामागे जी तळमजल्याची जागा होती, तिथे दोऱ्या पसरल्या आणि सगळं घर गाठीबरहुकूम मांडलं. जिथे भिंत लांब होती तिथे फळ्यांची भिंत आणून उभी केली. खिडकी पूर्वेलाच आहे. आपलं जुनं दार चौकटीसकट उखडून आणलं, कारण त्याची कुरकुर तिच्या ओळखीची. तो हिसका मारायचा नळसुद्धा आणला. प्लंबर म्हणाला, साहेब, यापेक्षा नवा स्वस्त पडेल.

ऑपरेशननंतर तिला खुर्चीत बसवून उचलून आत आणली. पलंगावर बसली, उशी चाचपली, आणि म्हणाली, "घरी आले गं बाई." ताई, मी बाहेर जाऊन रडलो. एवढं देखणं काम बाबांनीही कधी केलं नसेल.

तिला काहीच कळलेलं नाही. रस्त्याचा आवाज वेगळा का, तर खोदकाम चाललंय. शेजारीण का येत नाही, तर मुलाकडे राहायला गेली, आणि ते खरंच आहे. हे तुझ्यामाझ्यात राहू दे.

तुझा धाकटा


१ जुलै

धाकट्या,

पत्र वाचलं आणि मी कचेरीतून उठून घरी आले. माझ्या पायाखालची जमीन सरकली असं लिहिणार होते, पण ते तू आईच्या बाबतीत खरंच केलंस, त्यामुळे मला दुसरे शब्द शोधावे लागतील.

तू काय केलंस ते तुला कळतंय का? तुझी आंधळी आई एका खोट्या घरात बसली आहे. ती ज्या भिंतीला आपली भिंत म्हणून हात लावते, ती तू फळ्या ठोकून उभी केली आहेस. तिने नको म्हटलं होतं. स्पष्ट शब्दांत, माझ्यासमोर, तुझ्यासमोर. आणि तू तिचे डोळे गेले ही सोय म्हणून वापरलीस.

तुला माझे शब्द आवडतात ना, मग घे. 'कन्व्हे' म्हणजे पोचवणं. पूर्वी चोरीला सभ्य माणसं हाच शब्द वापरत. चोरली म्हणायला जीभ रेटायची नाही, मग कन्व्हे केली म्हणायचं. आणि 'पर्लॉइन', ज्याचा अर्थ आता चोरणं, तो आधी नुसता दूर नेऊन ठेवणं असा होता. दूर नेऊन ठेवता ठेवता शब्द चोर झाला. पत्र येईपर्यंत मी आज त्याच शब्दांच्या चिठ्ठ्या घेऊन बसले होते, आणि आता त्यांत मला तुझं तोंड दिसतं.

दादा न सांगता घर सोडून गेला म्हणून तू आयुष्यभर त्याला नावं ठेवलीस. तो निदान स्वतःच गेला. तू आईलाच नेलंस, आणि तिला सांगितलंही नाहीस.

तिला मीच सांगणार होते. पण कसं सांगू? फोन तुझ्या दुकानात वाजतो, तिच्या खोलीत नाही. पत्र लिहिलं तर ते तूच वाचून दाखवणार. आणि तिचं म्हणून आलेलं ते एक पत्र तरी तिचं होतं का? "इकडे सगळं जसंच्या तसं आहे," असं एप्रिलच्या पत्रात होतं. ते तिने म्हटलं होतं की तू? माझी आई काय बोलते हे मला फक्त तुझ्या हातून कळतं, आणि तो हात मला आता ओळखीचा वाटत नाही.

तिला सांग. आजच.

ताई


१४ जुलै

ताई,

चोर म्हणालीस. म्हण. लांब बसून माणसाला काहीही म्हणता येतं.

तू शब्द हलवतेस, ते पडले तरी कोणाचा हात मोडत नाही. इथे इमारत पाडायचं यंत्र येऊन उभं होतं. मी आईला काय सांगायचं होतं? की तुझे डोळे गेले आणि आता घरही गेलं? एका महिन्यात दोन्ही? तिचा जीव गेला असता तर तू मला हेच पत्र दुसऱ्या भाषेत लिहिलं असतंस.

एप्रिलचं पत्र तिचंच होतं. शब्दन्‌शब्द. "सगळं जसंच्या तसं आहे" हे ती म्हणाली आणि मी लिहिलं. लिहिताना मला आनंद झाला, हे कबूल.

आणि दादाचं नाव कशाला काढलंस? बाबांशी भांडून गेला त्याला किती वर्षं झाली? एक ओळ नाही, एक निरोप नाही. बाबा गेले तेव्हा खांदा द्यायला आला नाही. ज्याने मागे वळून बघितलं नाही त्याच्या पंगतीला मला बसवू नकोस. घरात त्याचा विषय निघाला की मी ताटावरून उठतो, आईला माहीत आहे, म्हणून तीही काढत नाही.

आईचं मात्र खरंच काहीतरी बिनसलंय. आता दोन घास खाते आणि ताट सरकवते. दुपारी दाराची कडी लावू देत नाही. लावली तर उठून स्वतः काढते. काल विचारलं, कोणाची वाट बघतेस का? म्हणाली, "मी कोणाची बघणार?" आणि भिंतीकडे तोंड करून निजली. डॉक्टर म्हणतात वय झालं.

घर बदललं हे कळल्यामुळे नाही, ते तिला कळलेलं नाही, याची मी शपथ घेतो. आता तिला सांगून तिचे उरलेले दोन घासही बंद करू का?

धाकटा


५ ऑगस्ट

धाकट्या,

तिला कळलंय. तूच लिहिलेलं पुन्हा वाच. दाराशी बसते, कडी लावू देत नाही, जेवत नाही. तिला कोंडल्यासारखं वाटतंय आणि का ते समजत नाही, कारण सगळे तिला सांगतात की काही बदललेलं नाही. माणूस अशाने वेडा होतो.

सोबत तिच्या नावाचं पत्र आहे. तिच्यासमोर बसून, मोठ्याने, जसंच्या तसं वाच. बाबांचा मुलगा असशील तर एकही शब्द इकडचा तिकडे करणार नाहीस.

ताई


ती. आई,

हे पत्र धाकटा तुला वाचून दाखवतो आहे. तो मध्ये थांबला तर त्याला म्हण, पुढे वाच.

आई, तू बसली आहेस ते आपलं घर नाही. तू हॉस्पिटलात असताना आपली इमारत रिकामी झाली आणि नंतर पाडली. तू धाकट्याच्या दुकानामागच्या जागेत आहेस. त्याने आपलं सगळं सामान होतं तसं मांडलं, दारासकट, तुला कळू नये म्हणून. त्याने हे तुझ्यावर जीव आहे म्हणून केलं, एवढं मी त्याच्यावर चिडलेली असूनही सांगते. पण तुला न विचारता केलं, आणि तू कुठे आहेस हे ठाऊक असण्याचा तुला हक्क आहे.

तुला जे वाटत होतं ते खोटं नव्हतं. तू चुकत नव्हतीस. आता तुला राग येईल तो येऊ दे. रडू येईल तर रड. पण जेव. आणि उत्तर दे, तुला जे म्हणायचं ते.

तुझी लेक


९ सप्टेंबर

धाकट्या,

महिना उलटला. तुझं काही नाही, तिचं काही नाही. दुकानात फोन केला तर ड्रायव्हर म्हणाला, साहेब बाहेर गेलेत, रोजच जातात, कुठे ते माहीत नाही.

मी आता 'डिपार्ट' वर आहे. निघून जाणं हा नंतरचा अर्थ. आधीचा अर्थ, जे एकत्र आहे त्याचे भाग पाडणं, दोघांना वेगळं करणं. चिठ्ठीवर हे लिहिताना हात थांबला आणि मग दिवसभर काम झालं नाही. आई ठीक आहे ना, एवढी एक ओळ लिही. बाकी भांडण नंतर करू.

ताई


२२ सप्टेंबर

ताई,

आई ठीक आहे. जेवते. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचताना तुला तेच हवं असेल.

तुझं पत्र मी खिशात घालून फिरलो, मग एका दुपारी तिच्यासमोर बसून वाचलं. थांबलो तेव्हा तिने खरंच म्हटलं, "पुढे वाच." शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. तिने फक्त विचारलं, "कधीपासून?" म्हटलं, जानेवारीपासून. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरू शकत नाही. ती हसायला लागली. हसता हसता रडली, माझा हात धरला आणि म्हणाली, "म्हणजे तो आला असेल रे. मेला नाही तो. आला असेल, आणि घर सापडलं नसेल."

कोण, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुझा दादा."

ताई, दादा दर वर्षी येत होता. बाबा गेल्यापासून, दर मे महिन्यात, दुपारी मी दुकानात असताना. तो दूरदूरच्या रानात विजेचे खांब उभे करणाऱ्या टोळीत आहे, आज इथे तर उद्या तिथे, पत्ता असा नाही. यायचा, तिच्या हातचं जेवायचा, तिच्या मांडीवर डोकं ठेवून तासभर झोपायचा आणि मी यायच्या आत जायचा. तिने आपल्याला सांगितलं नाही, कारण मी ताटावरून उठायचो. म्हणून तिला ते घर सोडायचं नव्हतं. मी समजत होतो तिचा जीव भिंतींत आहे. मी भिंती उचलून आणल्या.

या मे महिन्यात ती दार उघडं टाकून बसली आणि तो आला नाही. तिने मनाशी धरलं की तो खांबावरून पडून मेला. तेव्हापासून ती एकटीच त्याचं सुतक पाळत होती, आणि मी तिला विचारत होतो, उन्हाळा बाधतो का.

आपण दोघेही चुकलो. घर बदललेलं तिला खरंच कळलं नव्हतं. माझं काम चोख होतं.

त्या दिवशी तिने दोन वेळा वाढून घेतलं. मग म्हणाली, मला तिथे नेऊन बसव. आता रोज दुपारी ट्रकमधून नेतो आणि जुन्या जागेसमोर सावलीला खुर्ची टाकतो. तिथे नुसता पत्र्याचा आडोसा आणि आत खड्डा आहे. ती म्हणते, या वर्षी चुकामूक झाली, कदाचित पुन्हा फेरी मारेल, नाहीतर येत्या मे महिन्यात येईलच. माझ्यावर रागावलेली नाही. रागावली असती तर बरं होतं.

आता जे तुला सांगायला मी इतके दिवस घेतले, ते. पहिल्याच दिवशी तिला खुर्चीत बसवून मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे गेलो. मे महिन्यात कोणी विचारायला आलं होतं का? तो म्हणाला, आलं होतं ना. उन्हाने काळा पडलेला एक उंच माणूस, खांद्यावर पिशवी. आडोशासमोर बराच वेळ उभा होता. मग त्याच्याकडे येऊन विचारलं, इथल्या तळमजल्यावरच्या आजी कुठे गेल्या? दुकानदाराला काय माहीत? त्याने आईला हॉस्पिटलच्या गाडीत घालून नेताना बघितलं होतं आणि परत येताना बघितलं नव्हतं. नवा पत्ता मी कोणालाच दिला नव्हता. न जाणो कोणी भेटायला येईल आणि तिच्यासमोर बोलून जाईल. तर त्याने त्याच्या समजुतीने सांगितलं, आजी हॉस्पिटलातच वारल्या. धाकट्याचं दुकान अजून आहे, तिथे विचारा, असंही म्हणाला. दादाने नको म्हणून मान हलवली. तिथेच किराणा दुकानाच्या पायरीवर बसून रडला, पाणी मागून प्यायला, आणि निघून गेला. पिशवीतून एक नवी शाल काढून दुकानदाराला देऊन गेला. म्हणाला, आता ही मी कोणाला देऊ?

विजेच्या कामाच्या चार ठेकेदारांकडे जाऊन आलो. त्या नावाचा माणूस कोणाला माहीत नाही. अजून फिरतोय.

ताई, तो परत येणार नाही. मेलेल्या आईकडे कोण येतं? आणि ती रोज दुपारी केस विंचरून, धुतलेलं पातळ नेसून मला हाक मारते, चल रे, उशीर होतो. शाल माझ्या दुकानात कपाटात आहे. तू म्हणालीस तिला सगळं ठाऊक असण्याचा हक्क आहे. मी एकदा कोणालाच न विचारता केलं आणि हे झालं, म्हणून आता विचारतो. हे तिला सांगू का?

धाकटा


२ ऑक्टोबर

धाकट्या,

सांगू नकोस.

मी रजा टाकली आहे, पुढच्या आठवड्यात पोचते. ठेकेदारांची नावं लिहून ठेव, आपण दोघे मिळून शोधू. शाल तिच्या हाती लागेल अशी ठेवू नकोस. त्या दुकानदारालाही बजावून ठेव, खुर्चीपाशी येऊन तो काही बोलता कामा नये. ती विचारेलच, आडून आडून मलाही विचारेल, आणि मीसुद्धा तिला हेच म्हणेन, की तो येईल.

ताई